दोन सह्यांचे खाते

आमच्या मंडळीत मी 'तरुण' समजला जातो. वय सेहेचाळीस, नाकावर चाळिशी, थोरली मुलगी बारावीला. तरीही पंचकमिटीवर तरुण संघाचा प्रतिनिधी मीच. खरे तरुण पुण्याला नोकऱ्या करतात आणि नाताळात येऊन देवळावर लायटिंग करून जातात. कमिटीत आम्ही आठजण. मी बी. कॉम. असल्यामुळे एकदा लांबलेल्या बैठकीत वेळ जावा म्हणून सरासरी काढली होती. मला धरून सरासरी वय सदुसष्ट, मला वगळून सत्तर. म्हणजे कमिटीला तीन वर्षांनी तरुण ठेवणे हे माझे मंडळीतले कार्य.

'मंडळी' म्हणजे घरची मंडळी नव्हे. आम्ही ख्रिस्ती लोक चर्चच्या सगळ्या सभासदांना मिळून मंडळी म्हणतो, पाद्रीसाहेबांना पाळक म्हणतो आणि कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांना पंच. ज्या वाचकांना हा प्रकार ठाऊक नसेल, त्यांनी आपली हाउसिंग सोसायटी डोळ्यांपुढे आणावी. फरक एवढाच, की सोसायटीत नुसते भांडण होते; आमच्याकडे भांडणाच्या आधी आणि नंतर प्रार्थना होते.

आमचे गाव नगर जिल्ह्यातले. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण पन्नास वर्षे तोंडात बसलेले 'नगर' निघायला वेळ लागतो. अमेरिकन मिशनरी नगरला आले १८३१ साली. अकरा वर्षांनी त्यांनी 'ज्ञानोदय' सुरू केला, शाळा काढल्या, बोर्डिंगे काढली, दगडी देवळे बांधली. पुढे ते गेले आणि देवळे आमच्या ताब्यात आली. भिंती अजून शाबूत आहेत. छप्पर गळते.

या छपरावरून २०२३ साली आमच्या दोन पंचांत जे झाले, ते सांगायचे आहे. त्यात माझाही हात होता. किती, ते पुढे येईलच.

पहिले पंच म्हणजे आमचे सेक्रेटरी, निवृत्त हेडमास्तर. सारे गाव त्यांना मास्तर म्हणते. त्यांच्या इतिवृत्तात आजवर ऱ्हस्वदीर्घाची चूक सापडलेली नाही. प्रार्थनेत कोणी चुकीचा शब्द वापरला तर मास्तर डोळे मिटलेल्या अवस्थेतच मान हलवतात. दुसरे आमचे खजिनदार. एस. टी. त चौतीस वर्षे नोकरी करून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले. उपासना साडेनऊला म्हणजे घंटेचा पहिला टोल साडेनऊला. पाळकसाहेबांचा उपदेश पंचवीस मिनिटांच्या पुढे गेला की कंट्रोलरसाहेब पहिल्या बाकावर बसून मनगट कानाशी नेतात. घड्याळ बंद पडले की काय, ही शंका त्यांना पाळकसाहेबांच्या देखतच येते.

दोघे मिशनच्या बोर्डिंगमध्ये एकत्र वाढले. दोघांत मिळून एक पत्र्याची ट्रंक होती, एवढी मैत्री. दोघेही पंचाहत्तरीच्या घरात. पण आपसात 'अरे लेका' आणि 'काय रे गाढवा'. कमिटीत मास्तर 'अध्यक्षमहाराज' म्हणून सुरुवात करायचे आणि तिसऱ्या वाक्याला 'तुला कळतंय का रे काही?' वर यायचे. आम्हाला त्याची सवय होती.

२०२३ च्या एप्रिलमध्ये वार्षिक सभा झाली. छपराचा विषय निघाला. मास्तरांचे म्हणणे, देवळाला मंगलोरी कौले आहेत ती उतरवून पुन्हा मंगलोरी कौलेच घालावीत. कंट्रोलरसाहेबांचे म्हणणे, रंगीत पत्रा टाकावा. डेपोच्या शेडला पत्रा होता, चौतीस वर्षांत टिपूस गळला नाही. मास्तर उभे राहिले. मंगलोरी कौलाचा कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगलोरला काढला, म्हणजे कौल ही मूळ ख्रिस्ती वस्तू आहे, हे त्यांनी वीस मिनिटे सांगितले.

"मग पत्रा काय पाखंडी आहे?" कंट्रोलरसाहेबांनी विचारले. "मंडळीचा कौल घ्या."

कौल घेतला. तो पत्र्याच्या बाजूने पडला. मास्तरांनी तो इतिवृत्तात नोंदवला.

इथवर सगळे ठीक होते. माणसे छपरावरून भांडत नाहीत, छपराखाली भांडतात. मे महिन्याच्या बैठकीत मास्तरांनी मागील सभेचे इतिवृत्त वाचले. त्यात एक वाक्य होते: 'खजिनदारांनी वार्षिक हिशोब उशिरा सादर केला.'

कंट्रोलरसाहेब उठून उभे राहिले. "उशिरा?"

"नऊ दिवस," मास्तर म्हणाले.

"हा शब्द काढा."

"घडलं ते लिहिलं आहे."

"मग हिशोबात जे घडलं तेही लिहा. चहा-बिस्किटं, रुपये तीनशे चाळीस, पावती नाही. सेक्रेटरींनी खर्च केले. लिहा."

"आपण माझ्यावर अफरातफरीचा आरोप करता आहात?"

हे 'आपण' ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मराठी माणसाने 'तू' वरून 'तुम्ही' वर जावे, ते एक वेळ चालते. तो थेट 'आपण' वर गेला की समजावे, आता वकील लागणार. साठ-पासष्ट वर्षांचे 'अरे लेका' त्या एका वाक्यात संपले. सभा प्रार्थनेने समाप्त झाली. प्रार्थना पाळकसाहेबांनी केली आणि ती फार थोडक्यात केली.

आता मंडळीचे खाते ज्या बँकेत आहे, त्याच बँकेत मी कारकून. खाते दोन सह्यांचे, सेक्रेटरी आणि खजिनदार संयुक्तपणे. मिशनच्या काळापासूनची ही पद्धत. एकट्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा दोघांवर अविश्वास ठेवावा, हा हिशोब त्यात आहे आणि तो व्यवहाराला धरून आहे. फक्त दोघे एका कागदावर सही करायला तयार पाहिजेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले. टेबलावर दोन पत्रे होती. एकात सेक्रेटरींनी कळवले होते, की वाद मिटेपर्यंत खजिनदारांच्या सहीचा चेक वटवू नये. दुसऱ्यात खजिनदारांनी कळवले होते, की वाद मिटेपर्यंत सेक्रेटरींच्या सहीचा चेक वटवू नये.

"तुमच्याच देवळाचं खातं ना हे?" साहेबांनी विचारले.

"हो."

"मग गोठवा."

बँकेचा नियम साधा आहे. खात्याच्या चालकांत वाद असल्याचे लेखी आले, की दोघांचे संयुक्त पत्र येईपर्यंत किंवा कोर्टाचा हुकूम येईपर्यंत पैसे बाहेर जात नाहीत. आत मात्र येतात. दर सोमवारी रविवारचे अर्पण खात्यात जमा होत होते. आमच्या मंडळीच्या इतिहासात शिल्लक एवढी कधी वाढली नव्हती. इकडे पाऊस सुरू झाला. पत्राही नाही, कौलही नाही, वेदीच्या डाव्या बाजूला एक घमेले आणि उजव्या बाजूला दोन बादल्या. उपदेश चालू असताना टपटप आवाज यायचा आणि कंट्रोलरसाहेब तो मोजायचे.

भांडण मिटवण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. पाळकसाहेबांनी प्रेषितांची कृत्ये यातला पंधरावा अध्याय घेऊन उपदेश केला. पौल आणि बर्णबा हे केवढे मोठे पुढारी! पण मार्क नावाच्या एका तरुणाला दौऱ्यावर बरोबर न्यायचे की नाही, यावरून त्यांचे इतके कडाक्याचे भांडण झाले, की एक एका दिशेला गेला आणि दुसरा दुसऱ्या. हा मार्क बर्णबाच्या नात्यातला होता, हे पुढे एका पत्रात कळते. म्हणजे कमिट्यांच्या भांडणात पाहुणेरावळे तेव्हापासून आहेत. पुढे पौलाने आपल्या उतारवयात याच मार्कला बोलावून घ्यायला सांगितले. मधल्या काळात समेट कसा झाला, कोणी केला, यावर लूकने एक ओळ लिहिलेली नाही. मास्तरांच्या मते हे इतिवृत्त अपुरे आहे.

उपदेश चांगला झाला. बाहेर पडताना मास्तरांनी पाळकसाहेबांचा हात हातात घेतला. "आज बरं झालं, त्यांना ऐकवलंत." पाच मिनिटांनी कंट्रोलरसाहेबांनी तोच हात हातात घेतला. "आज बरं झालं, त्यांना ऐकवलंत." पाळकसाहेब घरी जाऊन आडवे झाले.

मग पाळकसाहेबांनी मत्तयाचा अठरावा अध्याय काढला. तिथे कार्यपद्धती स्पष्ट आहे, आमच्या बँकेच्या परिपत्रकापेक्षाही स्पष्ट. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने त्याच्याकडे जा. ऐकले नाही तर एकदोन साक्षीदार घेऊन जा. तरीही नाही ऐकले तर मंडळीला सांग. आमच्याकडे नेहमी तिसऱ्या पायरीपासून सुरुवात होते. मास्तर म्हणाले, "मी एकटा गेलो होतो की. भर दुपारी दीड वाजता. कडी वाजवली, कोणी उघडली नाही." कंट्रोलरसाहेब गेली पंधरा वर्षे एक ते तीन झोपतात, आणि हे मास्तरांना बोर्डिंगपासूनच्या ओळखीने माहीत आहे. कंट्रोलरसाहेब म्हणाले, "मीही गेलो होतो, पहाटे साडेपाचला." मास्तर त्या वेळी फिरायला जातात.

आमच्या 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'चा इतिहास मला अशा वेळी आठवतो. बोलणी सुरू झाली १९२९ साली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र आल्या. एकेचाळीस वर्षे. त्यातही एक मोठी मेथॉडिस्ट शाखा शेवटच्या घटकेला बाजूला राहिली. बाप्तिस्मा कोणाला, कधी, किती पाण्यात, असल्या प्रश्नांवर ज्यांची डोकी फुटायची त्या लोकांनी एक चर्च केले. आमच्याकडे तीनशे चाळीस रुपये आणि एक क्रियाविशेषण.

आता माझ्याविषयी.

दोघेही मला लहानपणापासून ओळखतात. मास्तरांनी मला शिकवले आहे. कंट्रोलरसाहेबांनी मला कॉलेजच्या काळात गर्दीच्या गाडीत खिडकीतून आत टाकले आहे. त्यामुळे दोघांनाही मी आपला वाटत होतो. मास्तर सोमवारी संध्याकाळी यायचे. "तूच सांग, घडलं ते लिहू नको का?" मी म्हणायचो, "बरोबर आहे सर." कंट्रोलरसाहेब गुरुवारी यायचे. "चौतीस वर्षांत मला कोणी 'उशिरा' म्हटलं नाही, सांग पाहू." मी म्हणायचो, "खरंच आहे साहेब." दोघांनाही चहा व्हायचा. दोघांनीही बिशपसाहेबांना तक्रारीचे पत्र लिहायचे ठरवले आणि दोघांनीही ते टाइप करायला मलाच सांगितले, कारण देवळातला कॉम्प्युटर मला येतो. पहिला परिच्छेद मी दोन्हीकडे तोच ठेवला. 'मंडळीच्या हितासाठी' हे शब्द दोघांनाही हवे होते.

पूर्वी सगळ्या बँकांचे कारकून दुपारी एका ठिकाणी जमायचे आणि एकमेकांचे चेक एकमेकांना द्यायचे. त्याला क्लिअरिंग म्हणायचे. आता ते चेकच्या चित्रांवर चालते. पण आमच्या गावात २०२३ च्या पावसाळ्यात जुन्या पद्धतीचे एक क्लिअरिंग हाऊस चालू होते, ते म्हणजे आमचा ओटा. मास्तर काय म्हणाले ते गुरुवारी पोचायचे, कंट्रोलरसाहेब काय म्हणाले ते सोमवारी. मी आपण होऊन सांगत नसे. "काय म्हणत होता रे तो?" असे विचारले तर मात्र खोटे कसे बोलायचे?

आमच्या सौभाग्यवतींनी ऑगस्टमध्ये कपबश्या उचलता उचलता एक वाक्य टाकले. "तुम्हाला भांडण मिटायला नकोच आहे."

"मी? अगं, मी दोघांच्या मध्ये पडून जीव टाकतोय."

"पूर्वी रविवारी देवळात तुम्हाला कोणी विचारत नव्हतं. आता दोन मोठी माणसं तुमच्या दारात येऊन बसतात. कमिटीत तुमच्या डाव्या-उजव्या बाजूला बसतात. मिटलं तर कोण येईल चहाला?"

मी पेपर उघडला. जाहिरातींचे पान होते, पण ते मी बराच वेळ वाचले.

पौलाने फिलिप्पै येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात दोन बायकांचा उल्लेख आहे, युवदीया आणि सुंतुखे. दोघीही मंडळीतल्या कर्त्या बायका, दोघींचे पटत नव्हते. पौलाने दोघींची नावे पत्रात घातली. दोन हजार वर्षे झाली, जगभर वाचली जातात. त्याने तिथल्या एका विश्वासू सोबत्यालाही गळ घातली आहे, की या दोघींना मदत कर. त्या सोबत्याचे पुढे काय झाले, त्याने मदत केली की दोघींकडे चहा प्यायला, ते कळायला मार्ग नाही.

मंडळीच्या खात्यातून दरमहा चार विधवांना हजार-हजार रुपये जातात. फार जुना फंड आहे. त्यांतल्या एक आजी. मिशनच्या दवाखान्यात आयुष्यभर आयाचे काम केले, आता ऐंशीच्या पुढे. पासबुक भरायचे यंत्र त्यांना आवडत नाही, ते माणूस ओळखत नाही म्हणतात. दर महिन्याच्या सात तारखेला माझ्या काउंटरला येतात, पदरातून पासबुक काढतात आणि म्हणतात, "सलाम बाळा. बघ आले का."

जूनच्या सात तारखेला मी पासबुक छापले आणि आले नव्हते. आजींना काय सांगणार? आपल्या देवळाचे दोन पंच सही करत नाहीत, असे सांगितले तर ते काउंटरवरून गावभर होणार. मंडळीची अब्रू. मी म्हणालो, "आजी, सर्व्हर डाऊन आहे."

"म्हंजे?"

"मशीन बंद आहे. मुंबईचं."

"होईल चालू. पाऊस आहे ना," असे म्हणून त्या गेल्या. जुलैलाही सर्व्हर डाऊन. ऑगस्टलाही. ख्रिस्ती मंडळीतले पहिले नोंदलेले भांडण विधवांच्या रोजच्या वाटणीवरूनच झाले होते. आमच्या विधवांना वाढताना डावलले जाते अशी ग्रीक भाषिकांची तक्रार होती. प्रेषितांनी सात माणसे नेमली आणि प्रश्न सोडवला. हे मला काउंटरवर बसल्याबसल्या आठवायचे. पण मी सातांतला नव्हतो, आठांतला होतो. आणि चार वाजता रोकड जुळवायची असायची.

सप्टेंबर असाच गेला. ऑक्टोबरमध्ये खात्याची केवायसी नव्याने करायची वेळ आली. दोघांनी समक्ष येऊन फोटो, आधार, सह्या द्यायच्या. मी दोघांना कळवले, सात तारीख, सकाळी अकरा. एकाच वेळी दोघांना बोलावणे ही माझी चतुराई होती असे नंतर बरेच लोक म्हणाले आणि मी ते खोडून काढले नाही. खरे कारण असे, की वेगवेगळ्या वेळा देण्याचे मला सुचले नव्हते.

अकराला पाच कमी असताना कंट्रोलरसाहेब आले. अकराला मास्तर आले. आणि अकरा वाजून दोन मिनिटांनी सर्व्हर डाऊन झाला. खराखुरा.

बँकेत ग्राहकांसाठी एकच बाक आहे. शनिवारची गर्दी. दोघांना त्यावरच बसावे लागले. एक या टोकाला, एक त्या टोकाला, मध्ये दोन माणसांची जागा. पहिला अर्धा तास मास्तरांनी व्याजदराचा फलक वाचला. त्यात दोन चुका सापडल्या असाव्यात, कारण मान हलली. कंट्रोलरसाहेबांना रांगेची अवस्था बघवेना. ते उठले आणि पैसे काढणारे इकडे, भरणारे तिकडे, पेन्शनवाले भिंतीला, अशी गाडी लावून परत येऊन बसले. पाऊण तास झाला. तेवढ्यात आजी आल्या.

"सलाम बाळा. बघ आले का."

"आजी, सर्व्हर..." मी म्हणालो आणि थांबलो.

"डाऊन आहे," त्यांनीच वाक्य पुरे केले. मग वळून बाकाकडे पाहिले, ओळख पटली आणि दोघांच्या मधल्या जागेत जाऊन बसल्या. "सलाम मास्तर. सलाम साहेब. बरं झालं तुम्ही दोघं भेटला. तुम्ही मोठी माणसं, यांच्या साहेबाला जरा सांगा ना. चार महिने झाले, यांचं मशीन बंद आहे. हे पोरगं तरी काय करील? गोळ्या मी एक दिवसाआड घेते, चालतंय तसं. पण आता त्याही संपत आल्या."

बाकावर कोणी काही बोलले नाही. मग दोघांनी एकदमच मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी कॅलक्युलेटरवर काहीतरी मिळवायला लागलो. सेहेचाळीस वर्षांत मला त्या दोघांनी अशा नजरेने एकदाच पाहिले होते. तेव्हा मी सहावीत होतो आणि नाताळच्या नाटकात मेंढपाळ असून स्टेजवर झोपलो होतो.

कंट्रोलरसाहेबांनी खिशातून पाकीट काढले. मास्तरांनीही काढले. दोघांनी मोजून आजींच्या हातात ठेवले. आजी म्हणाल्या, "मशीनचे पैसे तुम्ही कशाला देता?"

त्या गेल्यावर मास्तर माझ्या काउंटरशी आले. "कागद दे."

संयुक्त पत्र त्यांनी उभ्याउभ्याच लिहिले. 'आमच्यातील वाद मिटला असून खाते पूर्ववत सुरू करावे.' कंट्रोलरसाहेबांनी मागून वाचले. "तारखेखाली वेळ टाका."

मास्तरांनी वेळ टाकली, १२.१०. मग पेन तसेच हातात धरून कागदाकडे बघत म्हणाले, "नऊ दिवस झाले होते की नाही हिशोबाला?"

"झाले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. आकडे दिसत नव्हते."

"मग सांगायचं नाही?"

"याला सांगितलं होतं." कंट्रोलरसाहेबांनी माझ्याकडे बोट केले. "आणि ते तीनशे चाळीस?"

"शिपायाची आई गेली तेव्हा त्याला गाडीभाड्याला दिले. त्याची पावती काय मागणार? त्याला लाज वाटू नये म्हणून चहा-बिस्किटं लिहिलं."

"मग सांगायचं नाही?"

"यालाच सांगितलं होतं," मास्तर म्हणाले.

खरे होते. दोघांनीही मला सांगितले होते. एकाने मे महिन्यातल्या एका गुरुवारी, दुसऱ्याने त्याच्या पुढच्या सोमवारी. 'कोणाला सांगू नको' असेही दोघे म्हणाले होते. ग्राहकाची माहिती गुप्त ठेवणे हा बँकेचा धर्म आहे, आणि मी तो कसोशीने पाळला. 'तो स्वतःला काय मुख्यमंत्री समजतो?' हे सोमवारचे वाक्य मी गुरुवारी पोचवले. 'याच्या व्याकरणाने छप्पर गळायचं थांबतं का?' हे गुरुवारचे वाक्य सोमवारी पोचवले. मोतीबिंदू आणि गाडीभाडे तेवढे लॉकरमध्ये ठेवले.

"अरे पण लेका," कंट्रोलरसाहेब मास्तरांना म्हणाले, "गाडीभाडं होतं तर मला विचारायचंस. एका फोनवर फुकट बसवून दिला असता त्याला."

"तू निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली गाढवा. कोण ऐकतंय तुझं?"

दोघांनी सह्या केल्या. साडेबाराला सर्व्हर सुरू झाला. सोमवारी आजींच्या आणि इतर तिघींच्या खात्यात चार-चार हजार गेले. छपराचा प्रश्न पुढे असा सुटला, की देवळाच्या मुख्य भागावर कौले आणि व्हरांड्यावर पत्रा. दोन्ही पक्षांचे समाधान झाले. कौले आणि पत्रा जिथे मिळतात तिथे फट राहिली आहे. तिच्याखाली तरुण संघाचा बाक आहे.

सोमवारी आणि गुरुवारी आता आमच्या ओट्यावर कोणी येत नाही. सौभाग्यवती एकच कप आणून ठेवतात, काही बोलत नाहीत.

समेटानंतरच्या पहिल्याच बैठकीत एक ठराव आला. सूचक सेक्रेटरी, अनुमोदक खजिनदार. बऱ्याच दिवसांनी त्यांचे एखाद्या गोष्टीवर एकमत झाले होते, त्यामुळे बाकीच्यांनीही हात वर केले. ठराव असा, की तरुण संघाच्या प्रतिनिधींनी एका वृद्ध सभासद भगिनीस चार महिने 'सर्व्हर डाऊन आहे' असे सांगितल्याबद्दल आठ दिवसांत लेखी खुलासा द्यावा.

मी लिहायला बसलो होतो. पण ऑक्टोबरमध्ये मुलीची सहामाही, बँकेत अर्धवार्षिक हिशोबाची राहिलेली कामे, शिवाय खुलासा म्हटला की सुरुवात कुठून करावी ते सुचत नाही. चार कागद फाडले. पाचवा दिला तो नोव्हेंबरच्या बैठकीत. मास्तरांनी तो घेतला, चष्मा लावून वाचला, दोन ठिकाणी वेलांट्या दुरुस्त केल्या आणि कंट्रोलरसाहेबांकडे सरकवला. कंट्रोलरसाहेबांनी आधी मनगटावरचे घड्याळ पाहिले, मग भिंतीवरचे कॅलेंडर.

डिसेंबरमध्ये इतिवृत्त वाचून कायम झाले. त्यात माझे नाव आहे, आणि नावापुढे लिहिले आहे: 'यांनी खुलासा उशिरा सादर केला.'